चीनचा घरबाजार आणि ‘धोरण शिथिल केले’ : नेमके काय शिथिल?

विचारणा

चीनमधल्या घरबाजाराच्या मराठी बातम्यांत ‘सरकारने धोरण शिथिल केले’ हे वाक्य सतत भेटतं. मे २०२४ मध्ये भेटलं, सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा भेटलं. दर वेळी एकच गोष्ट शिथिल होते का? आणि इतक्यांदा शिथिल होऊनही बाजार का उठत नाही, हे वाचकाला कळेल असा दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद

‘शिथिल’ शब्द चुकीचा नाही, पण त्याआधी ‘निर्बंध’ लागतो. टाळेबंदीच्या काळात ‘निर्बंध शिथिल’ हे आपण रोज वाचलं, तिथे तो चपखल होता. चीनमध्येही घरखरेदीवर निर्बंध होतेच. बीजिंग, शांघायमध्ये बाहेरगावच्या माणसाला काही वर्षं सामाजिक विमा भरल्याचं दाखवल्याशिवाय घर घेता येत नसे. ‘घर राहण्यासाठी आहे, सट्ट्यासाठी नाही’ हे सरकारी धोरण २०१६ च्या अखेरीस जाहीर झालं, त्याच विचारातली ही बंधनं. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस बीजिंग, शांघायने ती कमी केली, म्हणजे शिथिल केली. ग्वांगझौने मात्र पूर्ण काढून टाकली. तिथे ‘उठवली’ म्हणायला हवं.

१७ मे २०२४ चे निर्णय वेगळ्या जातीचे. गृहकर्जावरच्या किमान व्याजदराची देशपातळीवरची अट गेली. ग्राहकाने स्वतः भरायची किमान रक्कम पहिल्या घरासाठी १५ टक्के आणि दुसऱ्यासाठी २५ टक्के अशी खाली आली (सप्टेंबरमध्ये दुसऱ्या घरासाठीही १५ टक्के झाली). याला मी ‘कर्जाच्या अटी सैल केल्या’ म्हणेन. त्याच दिवशी पडून असलेली घरं स्थानिक सरकारी कंपन्यांनी विकत घ्यावीत म्हणून मध्यवर्ती बँकेने ३०० अब्ज युआनचा निधी जाहीर केला. तो ना शिथिल, ना सैल. सरकार स्वतः गिऱ्हाईक म्हणून बाजारात उतरतंय, तेव्हा ‘हस्तक्षेप’ लिहावं.

दुसरा प्रतिसाद

वरचं पटलं. पण मला शब्दापेक्षा त्याचं कर्म, म्हणजे कोणाला आवळलं नि कोणासाठी सैल केलं, हे महत्त्वाचं वाटतं. ‘सैल करणे’ची जोडी ‘आवळणे’शी. ऑगस्ट २०२० मध्ये चीनने ‘तीन लाल रेषा’ आखल्या. देणी, कर्ज आणि हातातली रोकड यांच्या ठरलेल्या मर्यादा मोडल्या की बिल्डरला नवं कर्ज मिळणं अवघड. म्हणजे आवळलं बिल्डरला. एव्हरग्रांड ही बडी बिल्डर कंपनी २०२१ मध्ये बुडाली, २०२३ मध्ये कंट्री गार्डन ही दुसरी बडी कंपनीही कर्ज फेडू शकली नाही. नंतर सैल केलं ते मुख्यतः ग्राहकासाठी. बातमीत हे दोघे एकाच ‘धोरणा’त विरघळतात आणि वाचकाला वाटतं, आवळलेली गाठच सोडली.

चिनी ग्राहकाची भीती व्याजाची नव्हतीच. तिथे बहुतेक घरं बांधून होण्याआधीच विकली जात, हप्ते लगेच सुरू होत. बिल्डर बुडाला की इमारत अर्धवट. जुलै २०२२ मध्ये अनेक शहरांत अशा घरांच्या ग्राहकांनी हप्ते भरणंच थांबवलं. त्या इमारतींना चिनीत ‘कुजक्या शेपटीच्या’ म्हणतात. आपल्याला ‘रखडलेल्या’ पुरे. आपल्याकडे रेरा कायद्याने ग्राहकांच्या पैशाचा ७० टक्के हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, तो याच भीतीपोटी. ताबा मिळेल की नाही हे ठाऊक नसताना व्याज अर्धा टक्का उतरलं म्हणून कोण घर घेईल?

म्हणून अशा प्रकल्पांना बँकांनी पैसा द्यावा यासाठी जानेवारी २०२४ पासून जी प्रकल्पांची यादी सुरू झाली, तिचा उल्लेख ‘शिथिलीकरणा’त गुंडाळू नये. सरळ लिहावं : ‘रखडलेली घरं पूर्ण करण्यासाठी कर्जपुरवठा’.

मूळ विचारणाऱ्या

दोघांचेही आभार. एक उरलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोठ्या शहरांत विक्री वाढली तेव्हा ‘बाजार सावरला’ असं छापून आलं होतं.

दुसरा प्रतिसाद

ताई, ‘सावरला’ म्हणजे पडता पडता तोल सांभाळला. त्यासाठी काही महिने किमती टिकायला हव्यात, आणि विक्री वाढणं म्हणजे किमती थांबणं नव्हे. सप्टेंबर २०२४ मधल्या कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिटब्युरोच्या (वरिष्ठ नेत्यांच्या मंडळाच्या) बैठकीतही उद्दिष्ट ‘घसरण थांबवून स्थिर करणे’ एवढंच होतं, तेजीचं नावही नव्हतं. ऑक्टोबरबद्दल ‘विक्रीत वाढ’ लिहा.