मदत हवी आहे : ग्राहकांचे पेन ड्राइव्ह सुरक्षितपणे कसे उघडावेत?

फोंड्याला घरच्याच संगणकावर मी लग्नपत्रिका आणि देवस्थानांच्या जत्रोत्सवाची पत्रके तयार करून देतो. प्रोसेसर सहाव्या पिढीचा इंटेल असल्यामुळे त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि माझे जुने मराठी टंकलेखन सॉफ्टवेअर विंडोजखेरीज कुठेही चालत नसल्याने या संगणकावर लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी दुसरी कार्यप्रणाली) घेणे शक्य नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर मी विस्तारित सुरक्षा अद्यतनांसाठी नोंदणी केली आहे. डिफेंडर (विंडोजमधला अंगभूत अँटीव्हायरस) आणि फायरवॉल दोन्ही चालू असतात.

खरी अडचण इंटरनेटची नसून ग्राहकांच्या पेन ड्राइव्हची आहे, कारण त्यांपैकी बऱ्याच ड्राइव्हांत मूळ फोल्डर लपवून त्यांच्या नावाचे शॉर्टकट ठेवणारा व्हायरस आढळतो. ऑटोप्ले (ड्राइव्ह जोडताच तो आपोआप उघडण्याची सोय) बंद आहे, उघडण्यापूर्वी स्कॅन करतो, रोजच्या कामासाठी प्रशासकीय अधिकार नसलेले खाते वापरतो आणि लपलेल्या फायली अ‍ॅट्रिब आदेशाने परत मिळवतो. तरीही एखादा नवा प्रकार डिफेंडरकडून सुटू शकतो, ही धास्ती राहतेच. फायली ईमेलने पाठवा असे सांगून पाहिले, पण जत्रेच्या घाईत ते कोण ऐकणार! आवृत्ती होम असल्याने विंडोज सँडबॉक्स (संशयास्पद फायली मुख्य प्रणालीपासून अलग उघडण्याची सोय) मिळत नाही, रॅम ८ जीबी आहे आणि नवा संगणक तूर्तास परवडणारा नाही.

अशा स्थितीत व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) लिनक्स चालवून पेन ड्राइव्ह तिथे उघडणे पुरेसे सुरक्षित ठरेल, की घरात पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून केवळ तपासलेल्या फायलीच मुख्य संगणकावर घ्याव्यात?