कामगार दिनाला माझ्या हजेरीत खाडा का?

पॅकिंग बी-पाळी

दीड वर्षापासून ठेकेदारामार्फत पॅकिंगला आहे. रोजंदारी. कामगार दिनाला कारखाना बंद होता. आदल्या दिवशी गेटसमोर साहेबांचं भाषण झालं, 'आमच्या यशाचे शिल्पकार' असा फलक लागला, आम्हीही टाळ्या वाजवल्या. महिनाअखेरीला चिठ्ठी हातात आली तर एक हजेरी कमी. टाइम ऑफिसात गेलो. कंपनीचं मस्टर आणि ठेकेदाराचं मस्टर एकाच टेबलावर असतात. माझ्या शेजारच्या मशीनवरचा पर्मनंट माणूस, त्याच्या चौकोनात 'सु'. माझ्या चौकोनात 'खा'.

खाडा! कुलूप त्यांनी लावलं आणि खाडा माझा?

सुपरवायझर म्हणाला, "घरी झोपलास ना दिवसभर, मग सुट्टी मिळालीच की." झोपलो होतो, खोटं कशाला बोलू. भांडायचं नाहीये मला. पण ज्याचा रोज बुडतो त्याच्यासाठी ही सुट्टी म्हणजे नेमकं काय? त्यापेक्षा काम दिलं असतं तर बरं, असं वाटलं. हे वाटणं चूक आहे का?

सडेतोड

चूक कसली? सुट्टीने पोट भरत नाही. ज्यांचा पगार चालू असतो त्यांचा सण आहे तो. पुढच्या वर्षी टाळ्या वाजवू नकोस, एवढंच.

निवृत्त टाइमकीपर

मी 31 वर्षं मस्टर भरलं. 'खा' मीसुद्धा लिहिलाय, ठेकेदाराच्या सांगण्यावरून, हजारो वेळा. तेव्हा हे उपदेश म्हणून वाचू नकोस.

आधी तुझ्या कामाचं. खाडा म्हणजे काम होतं आणि माणूस आला नाही. कामच बंद होतं तर ती नोंद सरळ सरळ खोटी आहे. आज तुला एका दिवसाचे पैसे दिसतायत, पण उद्या कामावरून कमी करताना 'याचे खाडे फार' म्हणायला हाच चौकोन दाखवतील. म्हणून पैशाच्या आधी अक्षर बदलून घे. दुसरं, तुझा रोज महिन्याच्या रकमेला 26 ने भागून काढलाय की 30 ने, ते विचार. 26 ने असेल तर आठवड्याच्या सुट्ट्या दरातच धरल्यात असं ते म्हणणार. पण कामगार दिन काही आठवड्याची सुट्टी नव्हे, ती वेगळी मागावी लागते. तिसरं, नेमणुकीचा कागद. बहुतेक नसेलच तुझ्याकडे.

आता अर्थाचं. शिकागोची, आठ तासांच्या कामासाठी 1886 मध्ये झालेल्या संपाची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते, ती सोडतो. न्यूयॉर्कची सांगतो. 5 सप्टेंबर 1882, मंगळवार. हजारो कामगार मोर्चाने रस्त्यावर उतरले. सुट्टी कुणी जाहीर केली नव्हती. रोज बुडवून आले होते, तुझ्यासारखाच. फरक एवढाच की खाडा त्यांनी स्वतःहून केला होता. अमेरिकेत कामगार दिन 1 मेला नव्हे, सप्टेंबरात असतो. त्याची सरकारी सुट्टी झाली 1894 च्या जूनअखेरीस. तेव्हा पुलमनच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातला संप पेटलेला होता. सुट्टीच्या कायद्यावर सही झाली आणि आठवडाभरात त्याच संपावर लष्कर पाठवलं. भाषण आणि 'खा' एकाच टेबलावर कसे नांदतात, हे त्यावरून कळेल.

आणि मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी, आपल्या नारायण मेघाजी लोखंड्यांना विसरू नकोस. गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे माझ्यासारखेच वहीत मान घालून बसणारे, म्हणून मला जरा जास्तच आपले वाटतात. 1884 मध्ये मुंबईच्या 5,500 गिरणी कामगारांच्या सह्यांनी मागण्या गेल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत, कामावर जखमी झाल्यास बरा होईपर्यंत पगार. सूर्यास्तापर्यंतचं काम ही *मागणी* होती, हे परत वाच. रविवार मिळायला जून 1890 उजाडला. त्याच वर्षी 24 एप्रिलला सुमारे 10,000 कामगारांची सभा झाली होती, आणि पॅरिसच्या समाजवादी परिषदेतल्या ठरावाप्रमाणे जगात पहिल्यांदा 1 मे पाळला गेला तो त्यानंतर आठवड्याने. एकमेकांची खबर असेल-नसेल, मागत सगळे वेळच होते.

तेव्हा 'काम दिलं असतं तर बरं' वाटणं चूक नाही. पण तू मागतोयस ते काम नव्हे, सुट्टीचा पगार. तसंच म्हण.

वॉर्ड सिस्टर

काका, पटलं, पण एक टोचलं. 'स्वतःहून खाडा' प्रत्येकाला जमत नाही. आमच्या वॉर्डाला कुलूप लागत नाही. या वर्षी कामगार दिनाला माझी रात्रपाळी होती, दोघींवर चाळीस खाटा. बदली रजा मिळते म्हणे, पण तीन महिन्यांत घेतली नाही तर बाद, आणि तीन महिन्यांत माणूस कमी म्हणून मंजूर होत नाही. माझ्या अशा सहा बाद झाल्यात. माझ्या मस्टरमध्ये तर 'ह' आहे, हजर! अक्षर बरोबर, सुट्टी गायब.

निवृत्त टाइमकीपर

ताई, बरोबर आहे तुमचं. हे मला सुचलंच नाही, आम्ही भोंगा वाजला की दार लावणारी माणसं. नामंजूर झालेले रजेचे अर्ज मात्र फाडू नका.

पॅकिंग बी-पाळी

आठ दिवसांनी लिहितोय. दर 26 ने काढलाय. नेमणुकीचा कागद अर्थातच नाही. टाइम ऑफिसातल्या माणसाने कुरकुर केली, पण 'खा' खोडून 'बंद' लिहिलं. पैसे नाहीत. सुट्टीच्या पगारासाठी ठेकेदाराच्या नावे अर्ज लिहिला, अकरा जणांनी सह्या केल्या, दुसऱ्या दिवशी दोघांनी येऊन नावं खोडायला लावली. एकाच्या घरी आजारपण आहे, त्याला काय बोलणार. नऊ सह्यांनिशी दिला.

निवृत्त टाइमकीपर

पोच घेतलीस का? तारीख आणि शिक्का?

पॅकिंग बी-पाळी

नाही घेतली. उद्या बी पाळीच आहे, सकाळी जाऊन घेतो.