आजोबांचं रॉकेलवर चालणारं जुनं पंपाचं इंजिन जाम झालंय, सुरुवात कुठून करू?

हौशी_जुळेसोलापूर
नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहतो, नोकरी ऑफिसातली आहे, मशीनचं शिक्षण काही नाही पण पाना-पक्कड हातात घ्यायची आवड लहानपणापासून. मोहोळजवळ आमची थोडी शेती आहे, तिथं जुन्या गोठ्यात कडब्याच्या मागं आजोबांचं रॉकेलचं इंजिन सापडलंय, पुढं पंप जोडलेला तसाच आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर कधीतरी घेतलेलं, ओढ्यावरनं पाणी उचलायला. मग विहिरीवर लाईटची मोटर बसली आणि हे कोपऱ्यात गेलं ते गेलंच. वडील म्हणतात भंगारवाल्याला घाल, मला ते अजिबात करायचं नाहीये, मला ते चालू झालेलं बघायचंय.

तर परिस्थिती अशी: रंग हिरवा, निम्मा उडालाय. पट्टीवर एनफिल्ड व्हिलियर्स एवढं वाचता येतं, खाली नंबर आहे पण अर्धा घासलाय. टाकीला दोन खण, एक लहान एक मोठा. दोरी गुंडाळून ओढली तर चाक तसूभर हलत नाही. प्लग काढून टॉर्च मारला तर आत काळं आणि तेलकट दिसतंय, गंज डोळ्याला तरी दिसला नाही. कार्ब्युरेटरच्या तोंडात कुंभारमाशीनं घर केलंय. गावातल्या एका मेकॅनिकनं सांगितलं की गॅसनं गरम करून चाकावर घण घाला, सुटेल. मी अजून हात लावलेला नाही. कसं सोडवू, स्पेअर कुठं मिळतील आणि रंग नवीन मारू का?

माढेकर_शेतकरी
घण घालू नका हो भाऊ, आधी ते सांगतो. आमच्याकडंबी असंच व्हतं, आमचे आबा चालवायचे. लहान खणात पेट्रोल, मोठ्यात रॉकेल, खाली कॉक. पेट्रोलवर चालू करायचं, चांगलं तापलं की कॉक रॉकेलवर फिरवायचा, आन बंद करायच्या आधी आठवणीनं परत पेट्रोलवर आणून थोडा वेळ पळवायचं, म्हंजी कार्ब्युरेटरात पेट्रोल राहतं आन सकाळी एका दोरीत चालू. जो गडी रॉकेलवरच बंद करायचा त्याला दुसऱ्या दिवशी दोरी ओढून ओढून घाम फुटायचा आन आबांच्या शिव्या वेगळ्या. आत्ता रॉकेल कुठं मिळतंय, रेशनचं निळं रॉकेल तर दिसतच नाही. नुसत्या पेट्रोलवर चालवा, चालतंय.

लेथवाला_पूर्वभाग
माढेकरांचं बरोबर आहे, पेट्रोलवर बिनधास्त चालतं. रॉकेल लवकर ठोकायला लागतं (आत अवेळी पेटून खटखट करतं) म्हणून या इंजिनांचं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा दाबतो तो दाब) मुळातच कमी ठेवलेलं असतं, त्यामुळं पेट्रोलवर त्याला काही त्रास नाही, उलट आतलं ऑइल स्वच्छ राहतं. न जळलेलं रॉकेल पिस्टनच्या रिंगांवरनं खाली उतरून ऑइल पातळ करायचं, अशी कितीतरी इंजिनं त्यानंच घासून मेलीत.

आता तुझ्या जाम झालेल्याकडं येतो. माझं लेथचं काम यंत्रमागाच्या स्पेअरचं आहे पण जुनी इंजिनं हा माझा जीव आहे म्हणून सविस्तर लिहितोय, नीट वाच. तू म्हणतोस आत तेलकट आहे, गंज दिसत नाही, आणि पुढं पंप जोडलेला आहे. मग इंजिन जाम आहे हे तू कशावरनं ठरवलंस? या छोट्या पंपसेटमध्ये इंपेलर (पाणी फेकणारं पात्यांचं चाक) बहुतेक वेळा इंजिनाच्या शाफ्टवरच बसवलेला असतो, म्हणजे पंप अडकला की इंजिन अडकलं असंच वाटणार. आणि आपल्या भागातलं पाणी माहितीये ना, बादलीवर पांढरा थर बसतो ते. त्या क्षारानं आणि गंजानं बिडाचा इंपेलर केसिंगला असा धरतो की सुटता सुटत नाही. म्हणून पहिला पाना पंपाला लाव. केसिंगचे बोल्ट सोड, कव्हर काढ, इंपेलर बघ. हाताला काही खरवडतंय का, मागं सीलपाशी गंज आहे का. तिथं मोकळं झालं आणि तरी चाक हललं नाही तरच इंजिनाकडं जायचं.

इंजिनच धरलं असेल तर घाई नाही. प्लगच्या भोकातनं डिझेल आणि गिअरचं पातळ ऑइल निम्मं निम्मं करून ओत आणि सोडून दे, रोज थोडं घाल, चाक दोन्ही हातांनी धरून पुढं-मागं हलवायचा प्रयत्न कर. फिनला (सिलिंडरवरच्या गार करणाऱ्या पट्ट्यांना) पकडून किंवा पहार अडकवून जोर लावायचा नाही, फिन बिडाच्या असतात, तुटल्या की तुटल्या. घण तर नाहीच. चाकात मॅग्नेटोचे (ठिणगीची वीज तयार करणारा भाग) चुंबक बसवलेत, मागं क्रँकचा निमुळता शाफ्ट आहे, एक फटका बसला तर शाफ्ट वाकतो, आणि वाकलेला क्रँक सरळ करून देतो म्हणणारा माणूस मला अख्ख्या सोलापुरात विश्वासाचा वाटत नाही.

तरी नाही सुटलं तर हेड काढ. साइड व्हॉल्व्हचं इंजिन आहे, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात, हेड म्हणजे नुसतं झाकण, बोल्ट काढले की निघतं. तेवढं एक लक्षात ठेव, जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, कोरडं खरवडू नको, पॉलिशपेपर तर अजिबात मारू नको, ओलं करून अलगद काढ आणि पिशवीत बांधून टाक.

आटे इंची असण्याची शक्यता जास्त आहे. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि मग नटाचे कोपरे गोल होतात, मग रडत बसावं लागतं. एखादा बोल्ट हरवला तर दिसायला तसाच मेट्रिक बोल्ट दाबून बसवू नको, आट्याचा कोनच वेगळा असतो, ब्लॉकमधले आटे खाऊन टाकतो. तसा बोल्ट लेथवर करून घे. बेअरिंगची काळजी करू नको, त्यावर नंबर कोरलेला असतो आणि नंबर सांगितला की कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, म्हणजे ६२०५ लिहिलं असेल तर २५ मिमीचं भोक, बाहेरून ५२, जाडी १५, कंपनी कुठलीही चालते. फक्त इंची माप निघालं तर मागवावं लागेल. रिंगांसाठी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजून आण, मग बघू.

बार्शीचा_विंटेजवाला
रंगाचं मी सांगतो, कारण यावर लोक फार घाई करतात. नवीन रंग मारू नका. आजोबांच्या हाताखाली जो रंग झिजलाय, दोरी घासून जिथं पत्रा चमकतोय, ते सगळं एकदा सँडपेपर मारला की गेलं, परत कुठल्याच दुकानात मिळत नाही. रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्यानं घाण पुसा, मशीनचं ऑइल हलकंसं चोळा, बास. पट्टीला तर वायरब्रश लावूच नका, घासलेले आकडे उरलेत तेही जातील. पातळ कागद ठेवून वरनं पेन्सिल आडवी घासा, डोळ्यांना न दिसणारे आकडे कागदावर उमटतात, आणि त्या नंबरवरनं मॉडेल कळलं की रिंगा, गॅस्केट शोधणं सोपं.

टाकीत गंज असणार. लिंबाचं फूल मिळतं ना किराणा दुकानात, ते गरम पाण्यात विरघळवून टाकी भरा, आत थोडे नट टाकून हलवा, गंज सुटला की पाण्यानं आणि मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि लगेच सुकवा, ओली ठेवली तर तासाभरात परत लाल होते. कार्ब्युरेटर मात्र त्या पाण्यात टाकू नका, जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, खाऊन टाकतं. टाकीला भोक असलं तर वेल्डिंगवाल्याकडं न्यायची नाही. रिकामी दिसली तरी आत पेट्रोलची वाफ असते आणि ती फुटते. डाग देणाऱ्याकडं न्या, तेही पाण्यानं पूर्ण धुऊन.

अजून एक, आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या कॉकमधलं बूच, लाखेनं चिकटवलेले वॉशर, जुना रबरी पाइप हे सगळं त्यात विरघळतं नाहीतर फुगतं. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते हे फर्निचरला पॉलिश करणाऱ्यांना विचारा. पाइप नवीन टाका आणि काम झालं की टाकी व कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करून ठेवा.

अक्कलकोट_रोड
मला बार्शीकरांचं नाही पटत. आमच्या घरी आजोबांचं इंजिन मी पूर्ण उघडून, गंज काढून, मूळ हिरवा रंग जुळवून मारलाय. आपल्याकडं पावसाळ्यात उघडा पत्रा ठेवला की दोन वर्षांत चाळण होते, मग तो झिजलेला रंग काय कामाचा? ज्यांच्याकडं बंद खोली आहे त्यांनी ठेवावं तसं. गोठ्यातच ठेवणार असाल तर रंग मारा, निदान प्रायमर तरी.

बार्शीचा_विंटेजवाला
गोठ्यात ठेवायचं असेल तर तुमचं मान्य. पण मग टाकीवरची आजोबांच्या हातची काही खूण, नाव वगैरे असेल तर त्याचा फोटो आधी काढा आणि तेवढा भाग सोडून मारा.

हौशी_जुळेसोलापूर
लेथवाले काका, तुम्ही म्हणालात तेच निघालं! पंपाचं कव्हर काढलं तर आत वाळू आणि पांढरा दगडासारखा थर, इंपेलर केसिंगला पूर्ण धरलेला. व्हिनेगरचे बोळे भरून ठेवले, लाकडी ठोकळ्यानं हळूहळू हलवला आणि सुटला, आणि त्यासरशी चाक हातानं फिरलं!! कॉम्प्रेशन पण आहे, अंगठा प्लगच्या भोकावर धरला तर ढकलतंय. वडील बाहेर आले बघायला, म्हणाले दोरी माझ्याकडं दे. भंगाराचं नाव आता काढत नाहीत. टाकीच्या खालच्या बाजूला आजोबांनी खिळ्यानं कोरलेलं नाव आहे, म्हणून रंग मारणार नाही, इंजिन सोलापूरला घरी आणून बंद खोलीत ठेवणार.

आता अडचण करंटची. प्लग बॉडीला टेकवून दोरी मारली, ठिणगी नाही. प्लग नवीन घालून बघितला, तरी नाही.

लेथवाला_पूर्वभाग
शाब्बास! आता मॅग्नेटो. चाक काढायला पुलरच वापर, नट शेवटपर्यंत काढू नको, थोडा आट्यावर ठेव म्हणजे चाक उडून पायावर येत नाही. आत पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) असतील, इतकी वर्षं बंद राहून त्यांच्यावर थर आलेला असणार, बारीक पॉलिशपेपरनं पुसून मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कोरा कागद मधनं ओढून काढ. गॅप फिलर गेजनं साधारण १५ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ठेव. निम्म्याहून जास्त वेळा एवढ्यावरच करंट येतो.

नाही आला तर कंडेन्सर बदल. त्या काळचे कागदाचे असायचे, वापरले नाहीत तरी मरतात. पॉइंटवाल्या जुन्या स्कूटरचा कंडेन्सर बसतो, नुसती जागा नाही मिळाली तर वायर लांब करून बाहेर बांध. कॉइल शेवटी. कॉइलची परीक्षा गार असताना होत नाही, गार असताना ठिणगी देते आणि तापली की इन्सुलेशन हार मानतं, इंजिन दहा-पंधरा मिनिटांत बंद पडतं आणि गार झालं की परत चालू होतं. तसं झालं तर कार्ब्युरेटर उघडत बसू नको, कॉइलच समज. रिवाइंडिंग होतं, पण मोटरवाइंडिंगवाल्या सगळ्यांना जमत नाही, केसासारखी तार असते, आधी विचारून दे.

आणि चालू करायच्या आधी तीन गोष्टी बघ. आतलं जुनं ऑइल काढून साधं एसएई ३० घाल, आणि इंजिन सपाट जागेवर ठेव, यात ऑइलचा पंप नसतो, कनेक्टिंग रॉडच्या टोकाचा चमचा ऑइल उडवतो, तिरकं ठेवलं तर चमचा ऑइलपर्यंत पोचत नाही. फिनमधली कुंभारमाशीची माती काढ आणि पंख्यावरचा पत्रा बसवूनच चालव, बघायला बरं वाटतं म्हणून उघडं चालवू नको, तीच हवा त्याला गार ठेवते. आणि गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) तार-स्प्रिंग जागेवर आहे का दोनदा बघ. गव्हर्नर सुटलेला असला तर इंजिन पळत सुटतं आणि चाक फुटू शकतं, त्यावेळी समोर कोणी उभं राहायचं नाही. पंप जोडलेला असेल तर पाणी भरून चालव, कोरडा चालवला की सील जळतं.

माढेकर_शेतकरी
आन घरात, बंद खोलीत चालवायचं नाही बरं का, धुरानं माणूस जातो. अंगणात चालवा. फुट व्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाइपच्या टोकाची झडप) तपासा, त्याचं रबर गेलेलं असणार, पंप पाणी धरणार नाही.

हौशी_जुळेसोलापूर
धन्यवाद सगळ्यांना. पुलर एका मित्राकडनं मिळालाय, रविवारी चाक काढतो. पॉइंटचा आणि पेन्सिलनं घासून काढलेल्या नंबरचा फोटो इथंच टाकतो. काका, नंबर वाचता आला तर रिंगांचं माप तुम्हीच सांगा.