साखर आटोक्यात आली म्हणजे डोळा वाचला?

काजवा:
बाबांना मधुमेह होऊन चौदा वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो पहिल्यांदा मॉनिटरवर पाहिला. नारिंगी पडदा, त्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आणि कडेला दोन पिवळट डाग. आदल्याच दिवशी हेच बाबा औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होते! ‘मला नीट दिसतंय’ या एका वाक्यावर आमच्या घरी इतकी वर्षं तपासणी टळली.

तेव्हापासून जमेल तसं वाचतोय आणि माझं मत पक्कं झालंय: पडद्याची मुख्य वैरी साखरच, आणि दिसण्यात फरक पडायच्या कितीतरी आधी तिचं काम सुरू होतं. स्नायूंच्या पेशींत साखर शिरायला इन्सुलिन लागतं. पडद्याच्या पेशींना लागत नाही. रक्तात साखर चढली की त्यांच्या आतही चढते, दार लावून घ्यायची सोयच नाही. जास्तीची साखर मग आडवाटेला लागते. काहीचं सॉर्बिटॉल होतं, आणि ते होताना ग्लुटाथायोन ताजं ठेवणारा साठा संपत जातो. पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवतं ते हेच ग्लुटाथायोन. काही साखर प्रथिनांना चिकटून त्यांचं काम बिघडवते.

सगळ्यात आधी बळी पडणाऱ्यांत पेरिसाइट येतात. केशवाहिनीला बाहेरून कवटाळून बसलेल्या या पेशी. पडद्यात त्यांची दाटी इतकी, की वाहिनीच्या अस्तरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीमागे एक. १९६१ साली कोगन, तूसां आणि कुवाबारा या संशोधकांनी मधुमेही माणसांचे पडदे ट्रिप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या रसायनात पचवून नुसती वाहिन्यांची जाळी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेरिसाइट असायला हवेत तिथे रिकाम्या खोळी होत्या. आधार गेलेली भिंत पुढे फुगते, आणि तो फुगा म्हणजेच फोटोतला लाल ठिपका. म्हणजे बाबांचा ठिपका दिसला तेव्हा आतलं नुकसान जुनं झालं होतं.

सांजवात:
तळमळ पोचली, पण ‘मुख्य वैरी’ला माझा विरोध आहे. सॉर्बिटॉलची वाट बंद करणारं सॉर्बिनिल हे औषध माणसांना देऊन पाहिलं, १९९० साली निष्कर्ष आले. डोळ्यांना म्हणावा असा फायदा झाला नाही. कागदावर पटणारी साखळी माणसात तुटते ती अशी.

आणि रक्तदाबाचं काय? ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासात (१९९८) रक्तदाब कडक आवरला त्या गटात पडद्याचा आजार बळावण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झालं. माझ्या काकूंची साखर ठीक होती, रक्तदाब कुणी मनावर घेतला नाही. एका सकाळी डोळ्यासमोर काळी जाळी तरंगायला लागली. आत रक्तस्राव झाला होता.

काजवा:
काकूंचं वाचून वाईट वाटलं. सॉर्बिनिलचं मान्य. पण ती वाट अडवली तरी प्रथिनांना चिकटणारी साखर राहतेच, मायटोकाँड्रियातून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतून, जास्तीचे ऑक्सिडंट निघायचे ते निघतातच. एक आडवाट बंद झाली म्हणून साखर निर्दोष कशी? मुळातली साखरच खाली आणली तेव्हा काय झालं ते बघा. डीसीसीटी नावाचा अभ्यास, १९८३ ते १९९३, टाइप १ मधुमेहाचे (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो) १४४१ रुग्ण. कडक नियंत्रणाच्या गटात नव्याने पडदा बिघडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला.

रानवारा:
मी स्वतः टाइप १, बावीस वर्षं. ‘आतलं नुकसान जुनं झालं होतं’ असली वाक्यं माझ्यासारख्याला काय करतात ते सांगतो. पेशी साखरेची ‘आठवण’ ठेवतात असं मी कॉलेजात असताना वाचलं. साखर बिघडलेल्या कुत्र्यांना अडीच वर्षांनंतर नीट सांभाळलं, तरी पुढे त्यांचे पडदे बिघडले, असा १९८७ चा प्रयोग. मला वाटलं, आता सुई टोचून तरी काय उपयोग! दोन वर्षं मी मीटरला हात लावला नाही. काजवा, घाबरवून माणूस तपासणीला येत नाही हो, तो लपतो.

काजवा:
ही बाजू माझ्या डोक्यात आली नव्हती. ‘दिसतंय तरी तपासा’ एवढंच म्हणायचं होतं, ‘वेळ गेली’ असं नाही.

भिंगरी:
मी डोळे तपासणीच्या खोलीत काम करते, बाहुली मोठी करणारे थेंब घालते. रानवारा, त्या आठवणीची दुसरी बाजूही वाचा. डीसीसीटी संपल्यावर दोन्ही गटांचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) जवळपास सारखं झालं, तरी आधी नीट सांभाळलेल्यांचे पडदे पुढे कित्येक वर्षं कमी बिघडले. पेशी चांगली वर्षंही लक्षात ठेवतात.

काजवांना मात्र एक सांगायचंय. हा धागा वाचून कुणी महिन्याभरात साखर धाडकन खाली आणायला जाईल, त्याची मला भीती वाटते. त्याच अभ्यासात पहिल्या वर्षात कडक गटातल्या १३.१ टक्के लोकांचा पडदा आधी बिघडला, दुसऱ्या गटात ७.६ टक्क्यांचा. पुढे फायदा झाला हे खरंच. पण पडदा आधीच खराब असेल तर औषध वाढवण्यापूर्वी तो बघून घ्या, आणि नंतरही लवकर लवकर बघा.

आणि सगळे वाहिन्यांबद्दलच बोलताय. पडद्यातल्या चेतापेशीसुद्धा मरतात, कधी कधी एकही लाल ठिपका नसताना. खुर्चीत बसलेला माणूस म्हणतो, ‘रात्री गाडी चालवताना समोरचं आता धूसर वाटतं’ आणि फोटो स्वच्छ येतो. तो फोटो दाखवून ‘काही नाही’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सांजवात:
भिंगरीताई, रात्रीच्या धूसरपणाला मोतीबिंदूही कारण असू शकतो, सगळं चेतापेशींवर नको. बाकी पटलं. ‘मुख्य’ हा शब्द मला अजूनही मान्य नाही. काजवा, बाबांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला?

काजवा:
खरं सांगतो, आठवत नाही. आज संध्याकाळी मोजतो आणि आकडा इथेच लिहितो.