शब्दचर्चा : 'परमेश्वराचे भय' मधलं भय म्हणजे नक्की काय? भीती, धाक, वचक की आदर?

रात्रीच्या घरगुती प्रार्थनेत सध्या आम्ही बायबलमधलं 'नीतिसूत्रे' हे पुस्तक वाचतोय, रोज एक अध्याय, कारण अध्याय ३१ आहेत आणि महिना बरोब्बर भरतो. पहिल्याच दिवशी गाडी अडली. १:७ (अध्याय १, वचन ७), परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ. माझी नऊ वर्षांची लेक म्हणाली, पण संडेस्कूलमध्ये तर सांगतात देवाला घाबरायचं नाही, तो आपला बाप आहे, मग खरं काय? मी आपलं नेहमीचं उत्तर दिलं की अगं इथे भय म्हणजे आदर. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, मग 'आदर' असंच का नाही लिहिलं?

गप्प बसले. म्हणून इथे विचारतेय. आपल्या बोलण्यातलं भय आणि बायबलमधलं भय यात फरक आहे का, आणि मराठीत त्याच्या सगळ्यात जवळ कोणता शब्द जातो? धाक, वचक, दरारा, जरब, भीड, काहीही चालेल, पण 'आदर' नको, तो माझा वापरून झालाय.

—

मी 'धाक' म्हणेन. आमच्या वडिलांचा धाक होता, मारलं कधीच नाही त्यांनी, पण त्यांची चप्पल दारात दिसली की आम्ही पुस्तकं उघडून बसायचो. भीतीही नव्हती आणि नुसता आदरही नव्हता.

—

वरच्या प्रतिसादाला : आणि चप्पल दारात नसली की? 😀

धाकाची अडचण तीच आहे. धाक घालतात, धाक दाखवतात, धाकात ठेवतात, म्हणजे तो कायम घालणाऱ्याच्या हातात असतो, तो माणूस बाहेर गेला की धाकही त्याच्यासोबत बाहेर जातो. वचक आणि जरब यांचं पण तेच. दरारा तर लांबून वाटतो, घरातल्या माणसाचा दरारा म्हटलं की ते घर मला जरा गारच वाटतं.

—

बायबलमध्ये 'भिऊ नको' ३६५ वेळा आहे ना, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक? मग भय धरा असं कसं म्हणता येईल?

—

तो ३६५ चा आकडा व्हॉट्सॲपवर फार फिरतो, पण मोजायला बसलं की जुळत नाही, खूप कमी भरतात. वाक्य खूपदा येतं हे मात्र खरं, अब्राहामापासून प्रकटीकरणापर्यंत.

मूळ शब्दाबद्दल थोडं, मला हिब्रू कामापुरतं येतं. नीतिसूत्रे १:७ मध्ये शब्द आहे 'यिरा'. आणि एदेन बागेत आदाम म्हणतो ना की मी भ्यालो आणि लपलो (उत्पत्ती ३:१०), तिथेही हाच धातू आहे. म्हणजे हिब्रूत साधं घाबरणं आणि देवाचं भय यांना एकच शब्द पुरतो, त्यामुळे तुमच्या लेकीचा प्रश्न रास्त आहे. भाषांतर करणाऱ्यांनी 'आदर' लिहिलं असतं तर वाचायला सोपं गेलं असतं पण शब्दातली धार गेली असती.

आता खरी गंमत बायबलच्या दुसऱ्या पुस्तकात, निर्गम २०:२० मध्ये आहे. सीनाय डोंगरावर गडगडाट, विजा, धूर, इस्राएली लोक थरथर कापत लांब उभे, आणि त्यांचा पुढारी मोशे त्यांना काय सांगतो तर, भिऊ नका, देव यासाठी आलाय की त्याचं भय तुमच्यासमोर राहावं आणि तुम्ही पाप करू नये. एकाच वाक्यात भिऊ नका पण आणि भय असू द्या पण. दोन्हीकडे तोच धातू. लिहिणाऱ्याने हे नकळत केलं असेल असं मला तरी वाटत नाही.

—

हे वाचून एक सुचलं, आणि उत्तर कदाचित नामात नाही, क्रियापदात आहे. मराठीत भय 'वाटतं' आणि भय 'धरतात' किंवा 'बाळगतात'. वाटणं आपोआप होतं, मला पालीचं भय वाटतं त्यात माझं काही कर्तृत्व नाही. पण धरणं, बाळगणं हे माणूस स्वतः करतो, रोज करतो, आणि सोडूही शकतो. लाजेचं बघा. लाज वाटते ती चार लोक बघतात म्हणून, आणि 'जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग' म्हणतो तेव्हा तिथे बघणारं कोणीच नसतं. आपल्या बायबलमध्येही 'परमेश्वराचे भय धरणे' असाच प्रयोग आहे.

तर मोशेचं वाक्य असं वाचा : भय वाटून घेऊ नका, भय धरा. मला तरी यात काही विरोध दिसत नाही आता.

—

+१. इतकी वर्षं चर्चमधल्या पाळकांच्या तोंडून ऐकतोय 'भय धरा', पण 'धरा' कडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

—

याला जोडून शिफ्रा आणि पुवा, निर्गमच्या पहिल्या अध्यायातल्या दोन सुइणी. फारोने, म्हणजे मिसरच्या राजाने, सांगितलं इब्री (इस्राएली) बायकांना मुलगा झाला तर मारून टाका, पण त्या देवाचं भय धरत होत्या म्हणून त्यांनी मुलगे जिवंत ठेवले. विचार करा, समोर राजा उभा आहे, जीव घेऊ शकतो, आणि या दोघी त्याचं ऐकत नाहीत. म्हणजे भय म्हणजे भित्रेपणा असता तर त्या आधी फारोला भ्याल्या असत्या. बाकी त्या अख्ख्या प्रसंगात राजाचं नाव कुठेच दिलेलं नाही, नुसता फारो, आणि सुइणींची मात्र दोघींची नावं लिहून ठेवलीत, हे मला फार आवडतं.

—

बरोबर आहे सगळं पण १ योहान (योहानाचं पहिलं पत्र) ४:१८ चं काय करायचं, पूर्ण प्रीती भीती घालवून देते?

—

त्याच वचनात पुढे कारण दिलंय, भीतीचा संबंध शिक्षेशी आहे म्हणून. म्हणजे योहान कोणत्या भीतीबद्दल बोलतोय ते त्याने स्वतःच सांगितलंय, मार बसेल ही भीती.

जाता जाता, 'शिक्षा' शब्द पण बघण्यासारखा आहे. संस्कृतात आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवणं, मराठीत मात्र तिचा दंड झाला आणि शिकवण्यासाठी आपण 'शिक्षण' वेगळं काढलं. हिब्रूत 'मूसार' या एका शब्दात दोन्ही आहे, बोधही आणि ताडनही, नीतिसूत्रांमध्ये तो पानोपानी येतो. आणि ज्या 'छडी'च्या जोरावर (१३:२४) आईबाप पोरांना बडवायची परवानगी काढतात, तिथला हिब्रू शब्द 'शेवेट' हाच स्तोत्र २३ मध्ये मेंढपाळाच्या हातात आहे, आणि तिथे ती काठी धीर देते. त्या स्तोत्रातल्या मेंढरांना काठीचा धाक आहे असं वाचून कोणालाच वाटत नाही. मला छडीवाल्या वचनावर वाद घालायचा नाहीये, तो धागा वेगळा काढा, इथे शंभर प्रतिसाद त्याच्यावरच होतील. फक्त इफिस ६:४ त्याच्या शेजारी ठेवून वाचा, बापांनो मुलांना चिरडीस आणू नका. 'चिरडीस आणणे' हा किती नेमका मराठी शब्द आहे! राग आणणे नाही, चिडवणे नाही, सतत टोचून टोचून पोराला रडकुंडीला आणायचं ते.

—

मी सहसा लिहीत नाही, वाचते फक्त. पण आज लिहिते.

सासरे आमच्याकडे असतात. कानाला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, मशीन आहे पण ते संध्याकाळनंतर काढून ठेवतात, टोचतं म्हणतात. दिवसभर सगळं नीट असतं, मी वेळच्या वेळी गोळ्या देते, दोनदा विचारलं तरी दोनदा सांगते. पण मशीन काढलं की माझं तोंड सुटतं. त्यांच्यासमोर उभी राहून, चादर झटकत, चेहरा हसरा ठेवून मी काय काय बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांना वाटतं मी काहीतरी प्रेमाचंच बोलतेय, ते पण हसून मान डोलावतात.

मागे बायबल वाचनात लेवीय या पुस्तकातलं १९:१४ आलं. बहिऱ्याला शाप देऊ नको, आंधळ्यापुढे ठोकर लागेल असं काही ठेवू नको, तर आपल्या देवाचं भय बाळग. मी पुढचं वाचलंच नाही. दोन्ही अशी माणसं आहेत ज्यांना कळणारच नाही कोणी काय केलं. तक्रार करणारच नाहीत. तिथे आदर म्हणून भागत नाही हो, आदर तर मी सगळ्यांसमोर करतेच की, घरी आलेले नातेवाईक म्हणतात सून असावी तर अशी.

—

ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मी तोच अध्याय उघडून बसले. १९:३२ पण बघा, पिकल्या केसांपुढे उठून उभा राहा, आपल्या देवाचं भय बाळग. आणि २५:४३, हाताखालच्या माणसावर कठोरपणे हुकूमत गाजवू नको, आपल्या देवाचं भय बाळग. बहिरा, आंधळा, म्हातारा, राबणारा. ज्यांच्यापासून आपल्याला काडीची भीती नाही अशीच माणसं निवडून निवडून हे वाक्य ठेवलंय असं वाटतं.

—

मूळ पोस्टवाली मीच परत. आभार सगळ्यांचे, 'वाटणे' आणि 'धरणे' वालं काल रात्री लेकीला सांगितलं. पालीचं उदाहरण पण तसंच्या तसं वापरलं, ते लगेच पटलं. मग सुइणींची गोष्ट सांगितली. लेवीय पण वाचलं, कोणाच्या घरातलं काही न सांगता.

ती ऐकत होती. मग म्हणाली, म्हणजे तू फोनवर मावशीला सांगतेस ना मी बाहेर आहे, आणि तू सोफ्यावर असतेस, तेव्हा धरायचं?

तिचे बाबा पाणी प्यायला म्हणून जे उठले ते आमेन म्हणेपर्यंत आलेच नाहीत.

असो. 'भीड' वर कोणीच बोललं नाही. देवाची भीड ठेवणे असं कोणाच्या घरी म्हणायचे का?