गाणे आपले केव्हा होते?

आवडती गाणी निरनिराळ्या प्रकारांतली असली की ती आवड उथळ ठरते, हे अनेकदा ऐकू येणारे मत मला पटत नाही. गदिमा आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणातील ‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. परंतु वडील गेल्यानंतर एका रात्री ते पुन्हा लागले तेव्हा, स्वतः पितृशोकात असलेला थोरला भाऊ येथे धाकट्याला धीर देतो आहे, हे मला प्रथमच उमगले आणि शेजारी बसलेल्या धाकट्या भावाचा हात मी नकळत धरला. १९५५ साली आकाशवाणीवर सुरू झालेल्या त्या ५६ गीतांपैकी हे एक तेव्हापासून माझे झाले.

जमैकाचा गायक बॉब मार्ली याचे १९८० सालचे ‘रिडेम्प्शन साँग’ मला तितकेच जवळचे आहे. एरवी त्याच्या गाण्यांत ड्रम आणि बास गिटारचा भरदार ठेका असतो, येथे मात्र एक साधी गिटार आणि त्याचा आवाज एवढेच आहे, त्यामुळे शब्द थेट येऊन भिडतात.

किशोरी आमोणकरांनी गायिलेला सोयराबाईंचा ‘अवघा रंग एक झाला’ हा अभंग मी काम करताना कधीच लावत नाही. त्यासाठी स्वस्थ बसावे लागते.