‘विमेन इन टेक’ पुरस्कार-संध्याकाळी : गौरव कामाचा की कसरतीचा?

डेटाबेसवाली
मार्च जवळ आला की हिंजवडीतल्या कंपन्यांत या संध्याकाळींच्या मेल फिरायला लागतात. मी सोळा वर्षं डेटाबेस सांभाळते. तीन वर्षांपूर्वी असा एक पुरस्कार मलाही मिळाला, आणि तेव्हापासून जे मनात सलतंय ते इथे मांडते.

त्या वर्षी आम्ही एका बँकेचा जुना डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवला. शनिवारी रात्री अकराला सिस्टीम बंद केली. पहाटे चारला एका टेबलातल्या नोंदींची संख्या जुळेना. मागे फिरायचं की पुढे जायचं, हे पाचपर्यंत ठरवायचं होतं. तारखेचा रकाना रिकामा असलेल्या नोंदी नव्या सिस्टीमनं नाकारल्या होत्या. त्या मी शोधून काढल्या आणि ‘पुढे जाऊ’ म्हणून सांगितलं. सोमवारी शाखा नेहमीच्या वेळेला उघडल्या.

स्टेजवर वाचलेल्या मानपत्रात यातलं एक अक्षर नव्हतं. ‘दोन लहान मुलांना सांभाळून घर आणि करिअर यांचा सुरेख समतोल साधणाऱ्या’ असं वाचलं गेलं. समोर माझ्याच टीममधला सहकारी टाळ्या वाजवत होता. त्यालाही दोन लहान मुलं आहेत. त्याच्या कौतुकात मुलं कधी येत नाहीत.

माझं स्पष्ट मत आहे की हे असंच चालणार असेल तर या संध्याकाळी बंद कराव्यात आणि तो पैसा पाळणाघराला द्यावा. २०१७ च्या कायदादुरुस्तीनं प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली, ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. आमच्याकडे ही सोय म्हणजे सहा किलोमीटरवरच्या पाळणाघराशी केलेला करार. भुमकर चौकातली गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या चार भेटींचं काय होतं ते सांगायला नको.

मावळतीकर
सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. बायकांचे पुरस्कार वेगळे काढले की ते आपोआप दुय्यम ठरतात. माझ्या बहिणीला असा पुरस्कार मिळाला, तर दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तिच्या कानावर पडलं, ‘लेडीज कोट्यातला आहे.’ तिनं ती ट्रॉफी डेस्कवर कधी ठेवलीच नाही. चांगलं काम करणाऱ्याला सगळ्यांच्या रांगेत उभं करून पुरस्कार द्या. कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा कंपायलर काही नाव विचारत नाही.

पंचगंगा
डेटाबेसवाली ताई, तुमचं मानपत्र वाचून मलाही राग आला. पण ‘बंद करा’ म्हणू नका, अशी मनापासून विनंती.

मी इचलकरंजीची. लग्न, बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण, यात चार वर्षं नोकरी सुटली. परत अर्ज करायला लागले तेव्हा पोर्टलवर एवढंच कळायचं, ‘तुमची निवड झालेली नाही.’ कुठून नाही, का नाही, काही नाही. एका मैत्रिणीनं पाहुणी म्हणून अशा संध्याकाळी नेलं. जेवणाच्या रांगेत हातात ताट घेऊन एक बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘जावा लँग्वेजचं कोणतं व्हर्जन वापरत होतीस? मग मधल्या काळात काय बदललंय ते बघितलंस का?’ खंड का पडला, हे विचारलंच नाही. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी इंजिनिअरसारखं बोललं. दीड महिन्यानं त्यांच्याच कंपनीत मुलाखत झाली. आज मी तिथेच आहे.

पुरुषांना अशी ओळख चहाच्या टपरीवर, क्रिकेटच्या टीममध्ये होते. सहाच्या बसनं घर गाठणाऱ्या बाईची कुठे होणार? माझ्या आजीच्या वेळी हळदीकुंकू हे बाहेर पडायचं एकमेव निमित्त होतं. तिथे तिनं भिशी लावली, शिवणाचं मशीन घेतलं. वाण म्हणून काय मिळालं ते तिला आठवतही नव्हतं.

रात्रपाळी
हळदीकुंकवावरून आठवलं, म्हणून लिहिते. त्यातही सगळ्यांना आमंत्रण नसायचं.

मी प्रॉडक्शन सपोर्टला, म्हणजे चालू सिस्टीम सांभाळायच्या कामावर आहे, शिफ्ट संध्याकाळी सहाची. कार्यक्रम साडेसहाचा. आमच्या फ्लोअरवरच्या अकराजणींपैकी एकीलाही जाता आलं नाही. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, सुरक्षा द्यावी लागते. संमतीचा तो फॉर्म आम्ही सगळ्यांनी भरलाय. पुरस्काराचा फॉर्म मात्र आमच्यापर्यंत आलाच नाही, कारण आम्ही व्हेंडरच्या, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या पेरोलवर आहोत, आमच्या ओळखपत्राची दोरी वेगळ्या रंगाची आहे. त्या रात्री जेवणाचे डबे मात्र वर पाठवले होते.

आद्याक्षर
मावळतीकर, ‘सगळ्यांच्या रांगेत’ याचा इतिहास बघा. १५ फेब्रुवारी १९४६ ला फिलाडेल्फियात एनियाक हा संगणक जगासमोर आला. तो प्रोग्राम करणाऱ्या सहाही जणी स्त्रियाच होत्या. तोफगोळ्याच्या मार्गाचं जे गणित त्या दिवशी पाहुण्यांना करून दाखवलं, ते बेटी जीन जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर यांनी बसवलेलं होतं. संध्याकाळी मेजवानी झाली, पण या बायकांना तिचं बोलावणं नव्हतं. १९९७ साली त्या सहाजणींचा गौरव झाला, तोही तंत्रज्ञानातल्या स्त्रियांच्याच एका संघटनेनं केला. मधे ५१ वर्षं गेली.

संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार तर सगळ्यांसाठी एकच आहे ना? तो १९६६ पासून दिला जातो. पहिल्यांदा एका स्त्रीला, फ्रान्सिस ॲलन यांना, मिळाला तो २००६ चा.

मावळतीकर
मेजवानीची गोष्ट मला माहीत नव्हती. वाचून वाईट वाटलं. तरी ॲलन यांच्यानंतर २००८ ला बार्बरा लिस्कोव्ह, २०१२ ला शफी गोल्डवासर, या सगळ्या मोकळ्या स्पर्धेतून आल्या. त्यांच्या पुरस्काराला कुणी कोटा म्हणू शकत नाही. माझ्या बहिणीच्या वाट्याला तेच यावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

सूत्रधारीण
मी अशा कार्यक्रमाच्या समितीवर चार वर्षं होते. मानपत्रं अशी का होतात, ते आतून सांगते.

नॉमिनेशन मॅनेजर भरतो, बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी. क्लायंटचं नाव लिहायचं नाही, सिस्टीमचं नाव लिहायचं नाही. ते सगळं गाळलं की उरतं ‘मेहनती, हसतमुख, समतोल साधणारी’. त्यावरून निवेदकाला मजकूर लिहायचा असतो.

एकदा मी हट्टानं एकीला फोन केला. वीस मिनिटं ती सांगत होती, ‘आम्ही लोड कमी केला, आम्ही क्वेरी बदलल्या, आम्ही क्लायंटला समजावलं.’ मी विचारलं, यातलं तुम्ही काय केलंत? बराच वेळ काही आवाजच आला नाही. मग हळूच म्हणाली, ‘तसं बघितलं तर सगळं मीच केलं.’

पुढच्या वर्षी आम्ही फॉर्म बदलला. काय बिघडलं होतं, तिनं काय केलं, त्यानंतर काय बदललं, एवढेच तीन प्रश्न ठेवले आणि स्वतःचं नाव स्वतः द्यायची सोय केली. घरच्या माहितीचा रकाना काढून टाकला. मानपत्रं लगेच सुधारली. व्हेंडरच्या मुलींचा विचार मात्र आम्ही केला नाही. ती आमची चूक होती, रात्रपाळी.

डेटाबेसवाली
पंचगंगा, ‘बंद करा’ हे मी मागे घेते. जेवणाच्या रांगेतली ती बाई मला माझ्या सोळा वर्षांत भेटली नाही, म्हणून तिची किंमत कळली नसावी. पाळणाघराची मागणी सोडत नाही. ती पुरस्कार असो वा नसो, हक्काची आहे.

आज रात्री आमच्या टीममधल्या एका ज्युनिअरचं नॉमिनेशन लिहायला बसले आहे. पहिलं वाक्य असं लिहिलंय, ‘नोव्हेंबरमध्ये बॅकअप रोज यशस्वी दाखवत होता, पण फाइल उघडत नव्हती, हे हिनं स्वतःहून तपासून शोधलं.’ तिच्या घरी कोण कोण आहे, हे मी लिहिणार नाही.

पंचगंगा
वाक्य छान आहे, ताई. पण माझं मानपत्र कधी कुणी लिहिलं, तर त्यात ती चार वर्षं असावीत असं मला वाटतं. सासऱ्यांना रात्री औषध देऊन झालं की मी मोबाइलवर जावाचे नवे बदल वाचत बसायचे. तेही कामच होतं.